अण्णांची चांदीची डबी

मी लिहायला बसलोय, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि उत्तरपत्रिकेपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण जळकोटचे अण्णा मनातून जात नाहीत.

मी भोकरकडचा, शिकायला नांदेडला. सुट्ट्यांत हृदयरोगाच्या एका संशोधनात काम करायचो. काहींना हा आजार कमी वयात का गाठतो, हे शोधायला निरनिराळ्या समाजांतली तीच माणसं वर्षानुवर्षं तपासायची. त्यातलेच एक अण्णा, किराणा दुकानदार. त्यांचे वडील आणि थोरले भाऊ, दोघंही पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेलेले. अण्णांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती.

"आलाव का रगत प्यायला, डाक्टर?" मला पाहिलं की ते म्हणायचे.

"डॉक्टर नाही हो अण्णा, बीएस्सीला आहे."

"मग अर्धा डाक्टर. अर्धंच रगत घ्या."

हृदयाच्या स्कॅनसाठी त्यांना लातूरला नेलं. छातीवर धातू चालत नाही, म्हणून तिथल्या माणसाने गळ्यातलं सगळं काढून ठेवायला सांगितलं. अण्णा लिंगायत. त्यांच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग, म्हणजे रोज पुजायचं छोटं शिवलिंग होतं, आणि ते अंगावेगळं करायचं नसतं. त्याने पुन्हा सांगितलं, तसे अण्णा शर्टाची बटणं लावून उठले.

"जीव हाय तवर हे निघत न्हाई."

परतीच्या गाडीत ते एकदाच म्हणाले, "भावाला आसली तपासणी मिळालीच न्हाई बघा."

घरी त्यांच्या बायकोने, अक्कांनी, सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "रोज पूजेला डबीतून काढून डाव्या तळहातावर घेताव की! तिथं बी तसंच धरा. तळहात काय छातीत हाय का?"

अण्णा मोकळं हसले. मी तिथूनच लातूरला फोन लावला. स्कॅनला हात डोक्यावर घ्यावे लागतात, डबी काढून इष्टलिंग हातात धरलं तर चालेल, असं त्यांनी सांगितलं. तारीख मात्र येळवशीनंतरची, म्हणजे वेळ अमावास्या झाल्यावरची मिळाली.

"बरंय की," अण्णा म्हणाले. "येळवशीला आमच्या शेतात जेवायला या. मग मिळूनच जाऊ लातूरला."

परीक्षा आली, मला जाता आलं नाही. स्कॅनची आठवण द्यायला येळवशीला फोन करत राहिलो, पण कुणी उचलेना. सणाला सगळे शेतात असतील, असं मनाला सांगत राहिलो. शेवटी अक्कांचाच फोन आला. येळवशीच्या आदल्या संध्याकाळी दुकानाचं शटर ओढता ओढता अण्णा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

अक्का सांगत होत्या.

"आमच्यात बसवून समाधी देतेत, बाळा. इष्टलिंग डाव्या तळहातावर ठिवलं त्यांच्या." मग म्हणाल्या, "लातूरची तारीख दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."