ड्रॅगनची भुवई

प्रकाशनगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या उतरत्या मेजाशी बसणाऱ्या वृद्ध मुखपृष्ठकाराला सारे ‘हाडवैद्य’ म्हणत. कारण कोणत्याही प्राण्याचे कातडे रंगवण्यापूर्वी तो त्याचा सांगाडा रेखाटी. एका अद्भुतकथेच्या सहा खंडांसाठी त्याने ड्रॅगन रंगवला तोही असाच: आधी कणा, मग पंख पेलणारे खांदे, मग स्नायू, आणि सर्वांत शेवटी डाव्या पंजाच्या तिसऱ्या नखावर स्वतःची तिळाएवढी सही. त्या सहीवाचून त्याचे एकही चित्र छापखान्यात गेले नव्हते.

सातव्या खंडाचे त्याचे चित्र त्या सकाळी संगणकावर ‘सुधारून’ त्याच्यापुढे आले. दुपारपर्यंत होकार हवा होता. पाहताक्षणीच त्याला शिसारी आली. ड्रॅगनच्या गालांवर खळ्या, लांब कुरळ्या पापण्या, लाडिक हसणारे ओठ. आणि खवल्यांच्या जागी भिजलेल्या साबणाची बुळबुळीत कांती. नखावरची सही मात्र त्याचीच.

“हे कोण ओकलं?”

“हाडवैद्य, सकाळी सकाळी काय हे!” संपादिकाबाई हसल्या. “मुलांना तो कुशीत घ्यावासा वाटला पाहिजे.”

“मग मांजर छापा.”

“पंख आहेत, शेपूट आहे, तोंडातून जाळ निघतोय. ड्रॅगनला आणखी काय लागतं?”

“पंख वटवाघळालाही असतात बाई, शेपूट पालीला, आणि जाळ तुमच्या शेगडीला.” मग त्याचा आवाज नकळत खाली आला, जसा एखाद्या अतिविशाल वस्तूच्या सान्निध्यात येतो. “ज्याला आपली काडीइतकी गरज नाही, तो ड्रॅगन. त्याच्यापुढे आपण कोणीच नसतो, आणि तरी तिथून पाय निघत नाही. हा तर खाऊ मागतोय! माझी सही काढा.”

बाई उठल्या. कपाटातून चौथ्या खंडाचे मूळ चित्र काढून त्यांनी मेजावर ठेवले.

“सुरुवात तुम्हीच केलीत. या खंडानंतर मुलांची पत्रं यायला लागली, तो आमच्याकडे बघतो म्हणून.”

हाडवैद्याने चष्मा पुसला. चित्रातल्या ड्रॅगनच्या डोळ्यावर एक भुवई होती, किंचित उचललेली. त्याला आठवले: चेहरा निर्विकार दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा सांगाड्याकडे न पाहताच पाच मिनिटांत त्याने ती ओढली होती. सरपटणाऱ्या जीवाच्या कवटीवर भुवई उचलणारा स्नायूच नसतो, हे त्याच्याहून अधिक कोणाला ठाऊक? पाचव्या खंडात त्याने पापणीला घडी घातली, सहाव्यात ओठाचा कोपरा वळवला. खळ्यांची वाट त्याच्याच कुंचल्याने आखली होती. आता त्याला स्वतःच्या बोटांचीच किळस आली. त्याने ती सदऱ्याला पुसली.

“ब्लेड द्या.”

“अहो, मूळ चित्र आहे ते!”

“म्हणूनच.”

श्वास रोखून त्याने भुवई खरवडली. कागदावर पांढरा ओरखडा उरला.

“चौथ्याची नवी आवृत्ती काढाल तेव्हा हे छापा. सातवा खंड मात्र माझ्या सहीविना जाऊ द्या.”

बाईंनी वाकून पाहिले आणि नाक मुरडले. “ईऽ! मेलेल्या माशासारखा बघतोय.”

“बघतोय कुठे?” हाडवैद्याने कागदाचा भुगा फुंकरीने उडवला.

तो डोळा आता कोणाकडेच पाहत नव्हता.