पाकिझेताईंच्या बंद दारामागचा लोकुम

आमच्या साफ्रानबोलूच्या गल्लीत साखरपुडा असो की कुणी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी वाचायचं मौलूद, लोकुम वाटायचा तो पाकिझेताईंच्याच घरचा. मऊ, गुलाबाच्या वासाचा, दातांना न चिकटणारा. मला मात्र त्या लोकुमपेक्षा त्यांच्या बंद दाराचं कुतूहल. भोचक म्हणा हवं तर, पण स्वयंपाकघराला कडी लावून कोण मिठाई करतं?

पाकात गव्हाचं सत्त्व पडलं की डाव थांबवायचा नाही. थांबला की तळाला लागलंच. एकदा मी लिंबं द्यायला गेले. ताई दार किलकिलं करून उभ्या, आणि आतून डाव फिरल्याचा आवाज येतोच आहे.

"आत कोण आहे हो?"

"जिन्न ठेवलाय," ताई म्हणाल्या. "पगार मागत नाही, चहा तेवढा लागतो."

मी कितीतरी तर्क लढवले. यंत्र असेल, गरीब नातेवाईक असेल. शाकिरदादा मात्र माझ्या मनातही आले नाहीत. ताईंचा हा नवरा तरुणपणी पैलवान, आता चहाखान्यातला बोलघेवडा. "बाप्या चुलीजवळ गेला की त्याच्या मिशा गळतात," म्हणायचे. सज्जात बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "पाकिझे, पाणी आण!" मला ताईंची कीव यायची. लोकुमच्या दिवशी तर म्हणे दादांची कंबर धरायची आणि ते दिवसभर पलंगावर पडून असायचे.

शरदात दादा गेले. चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी ताईंनी मला हाक मारली आणि पहिल्यांदाच आत घेतलं. शेगडीवर पातेलं, आणि ताई नुसत्या उभ्या.

"नेझाहत, सत्त्व शिजलं कधी म्हणायचं, ते मला कळत नाही गं."

"असं काय करता? जन्मभर तुम्हीच केलात ना?"

"मी साखर मोजली, बदाम सोलले. डाव त्याच्या हातात. चहाखान्यात कळलं असतं तर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती."

खिळ्याला एक एप्रन होता. पैलवानाच्या पोटाला पुरेल म्हणून नाड्यांना जोड दिलेला. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

आम्ही आळीपाळीने घोटलं. पहिलं पातेलं करपलं. दुसरं जमलं, पण बोटांना चिकटत होतं.

"दुकानातून आणू या," मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे?"

"त्याच्या मौलूदला दुकानचा? आणि लोक म्हणणार, वा पाकिझे! नको."

मौलूद झालं. कागदी पुड्या वाटल्या गेल्या. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर, मधलं दार उघडं. मुझय्यन म्हातारीने बोटं चाटत म्हटलं, "पाकिझे, आज हात बिघडला गं तुझा. दुःखात होतं असं."

मला हायसं वाटलं. ताईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, नावही राहिलं असतं.

"माझा हात असाच आहे," ताई म्हणाल्या. "आजवर तुम्ही खाल्लात तो शाकिरच्या हातचा होता."

बाहेरच्या खोलीत चहाचे पेले थांबले. दादांचा जुना कुस्तीतला जोडीदार बुऱ्हान दारापर्यंत आला, काहीतरी खोचक बोलणार अशा चेहऱ्याने. मग त्याने पुडीतला चिकट तुकडा तोंडात टाकला, आणि उभ्याउभ्या रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जिथून दादा पाणी मागायचे त्याच सज्जात, ताईंनी तो एप्रन धुऊन वाळत घातला होता.