पापण्यांच्या परीक्षेत पहिला नंबर

दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे तुमच्या सकाळी, आपला व्हिडिओ कॉल असतो. गेल्या वर्षी तो आखूड होत चालला. धाकटे, तू चित्रं दाखवायला घेतलीस की मधेच ओरडायचीस, "आजी झोपली!" मग तुझी आई हळूच म्हणायची, "आई, दमलात ना? ठेवते मी."

मी झोपलेली नसायचे. पापण्या खाली उतरलेल्या असायच्या आणि त्यांच्या आड मी टक्क जागी असायचे. आठवड्यातून एकदा भेटणारी नातवंडं अशी हातची जाऊ लागल्यावर मी उपाय सुरू केले. आधी पापण्यांखालून दिसावं म्हणून हनुवटी वर करून वावरू लागले. इमारतीत बोललं गेलं, "पार्ल्याहून मुलुंडला आल्या, तरी नाक वरच!" मग एका रविवारी पापण्या चिकटपट्टीने कपाळाला चिकटवल्या. आजोबा चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. "अगं, घुबडासारखी काय बघतेस? काय झालं?"

शेवटी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एकाचे दोन दिसतात का, गिळायला त्रास होतो का, असं त्यांनी बरंच विचारलं. रक्तही तपासलं. दुसरा आजार नव्हता. पापणी उचलणारा स्नायू धडधाकट होता, पण तो पापणीला जिथे धरून ठेवतो तिथली पकड वयाने सैल झाली होती. पडदा हुकातून निसटावा तशी. लहानशा ऑपरेशनने ती घट्ट करता येते, पण आधी पापणीमुळे नजर किती झाकली जाते ते तपासायचं होतं.

तपासणी म्हणजे पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. परीक्षा म्हटलं की मला चेव चढतो. वरचे दिवे दिसेनात, तेव्हा मी भुवया पार केसांपर्यंत ओढल्या आणि एकही दिवा सोडला नाही. तपासणारी मुलगी म्हणाली, "काकू, एकदम मस्त!" मी आजोबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "नजर तर उत्तम आहे, काकू. मग ऑपरेशन कशाला?"

"पण मला दिसत नाही हो!"

"मग हे सगळे दिवे कोणी पाहिले?"

आजोबा म्हणाले, "डॉक्टर, हिने काहीतरी लबाडी केली असणार. समोर पेपर आला की हिला राहवत नाही."

बाईंनी माझ्या भुवया अंगठ्यांनी दाबून धरल्या. "आता वर बघा." पापण्या जेमतेम हलल्या. त्या हसायला लागल्या. "सगळा अभ्यास कपाळाने केलाय! उद्या परत या, आणि कपाळ सैल सोडून बसा."

दुसऱ्या दिवशी वर दिवे लागत असणार हे पक्कं ठाऊक असून मी बटणावरचं बोट आवरून बसले. इतका अवघड पेपर मी आयुष्यात दिलेला नाही. दणदणीत नापास झाले आणि ऑपरेशन ठरलं.

ते फक्त पापण्या बधिर करून करतात, कारण दोन्ही डोळे सारखे उघडतात का हे मधेच बघावं लागतं. "डोळे उघडा," म्हटल्याबरोबर मी असे काही वटारले, की मास्कआडून आवाज आला, "काकू, नेहमीसारखे उघडा. बक्षीस नाहीये."

पुढच्या रविवारी तुम्हाला दिसली ती सुजलेल्या, जांभळ्या डोळ्यांची आजी. थोरला म्हणाला, "आजी, तू मारामारी केलीस?" धाकटे, तू मात्र एवढंच विचारलंस, "आता जागी आहेस ना?" आणि मांजरांची चित्रं दाखवायला काढलीस. प्रत्येकाची टोपी वेगळी, मांजर तेच. चौथ्या-पाचव्या टोपीपाशी मला खरोखरच पेंग येत होती. पण डोळे उघडे राहिले, तुला काही कळलं नाही, आणि तू पुढचं मांजर समोर धरलंस.