मागच्या सीटची परीक्षा

शोरूममध्ये त्याला सगळे सत्यवान म्हणत. नाव टवाळीनं पडलं होतं, पण त्यात थोडं कौतुकही होतं. गाडी विकायला उभा राहिला की हा पठ्ठ्या आधी तिचे दोष सांगायचा. त्याच्या वाट्याला आलेली गाडी सगळ्यांत स्वस्त आणि छोटी. "पेट्रोल चिमणीएवढं पिते," तो सांगे, "अरुंद गल्लीत एका दमात वळते, दुरुस्ती कोपऱ्यावरचा मेकॅनिकही करतो. पण डिकीत दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की तिसरी मांडीवर. आणि माणसांनी भरून चढावर नेलीत तर एसी बंद करावा लागेल." मॅनेजर कपाळाला हात लावी. गिऱ्हाइकं मात्र त्याचंच नाव विचारत येत.

त्याचा आणखी एक शिरस्ता होता. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस तो आधी मागच्या सीटवर बसवायचा आणि मग उतरायला सांगायचा. बसता सगळ्यांनाच येतं, परीक्षा उतरताना असते, असं त्याचं म्हणणं. सीट खाली, दार अरुंद. उतरताना गुडघ्यांनी कुरकुर केली की तो स्वतःच म्हणायचा, "आजी, ही तुमची गाडी नव्हे," आणि उंच मॉडेलसाठी थांबायला सांगायचा.

हा शिरस्ता त्यानं एकदाच मोडला, तोही सख्ख्या बहिणीच्या घरासाठी.

ताई, भाऊजी, भाची आणि ताईचे सासू-सासरे, सगळे मिळून आले होते. महिनाअखेर होती, त्याला ठरवून दिलेल्या विक्रीत एकच गाडी कमी पडत होती आणि उंच मॉडेल यायला अवकाश होता. सासऱ्यांचा एक पाय गुडघ्यात वाकत नाही, त्यामुळे पुढची जागा त्यांची, हे ठरलेलंच. सासूबाई काठी टेकत गाडीकडे येऊ लागल्या, तशी यानं लगबगीनं खुर्ची पुढे केली. "आई, तुम्ही कशाला तसदी घेताय? बसा, चहा मागवतो." किती जीव लावतो तुझा भाऊ, असं त्या ताईला म्हणाल्या. ते त्याच्या कानावर आलं, तरी तो भाचीला रंग दाखवायला घेऊन गेला.

गाडी घरी गेली आणि सगळ्यांची लाडकी झाली. भाऊजी सुटीच्या दिवशी तिला अशी निरखून पुसत, की आपल्याकडे कधी एवढं पाहिलं नाही म्हणून ताई त्यांना चिडवी. सहलींचे फोटो याच्या मोबाइलवर येत. त्यांत सासूबाई कधी नसत. त्यांना गाडी लागते, असं ताईनं सांगितलं होतं. यानं ते पटवून घेतलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

पुढे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीनं डोंगरापलीकडच्या गावात घर बांधलं. सगळे ते पाहायला निघाले, यालाही बोलावलं. सकाळी हा पोचला तेव्हा सासूबाई घरच्याच कपड्यांत भाजी निवडत बसल्या होत्या. बहिणीचं घर बघायचं नाही का, असं यानं विचारलं.

"गाडी लागते रे मला."

"मग बस कशी लागत नाही तुम्हाला?"

"बसमध्ये धरून उठायला दांडी असते," त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मग हळू आवाजात सांगितलं, की पहिल्याच फेरीला उतरताना त्या दारात अडकून पडल्या होत्या. उठताच येईना. चक्कर आली असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. "हौसेनं घेतलीय रे त्यानं. त्याला बोलू नकोस. आणि तू तोंड पाडू नकोस. तुला बिचाऱ्याला काय ठाऊक?"

हा मेल्याहून मेल्यासारखा झाला.

भाऊजी दारासमोर काच पुसत होते. त्यांच्याशेजारी उभं राहून यानं सगळं सांगितलं. महिनाअखेर, खुर्ची, चहा, काही गाळलं नाही. डबे घेऊन येणारी ताई पायरीवरच थांबली. भाऊजींचा हात चालूच होता.

"परक्याला विकली असतीस अशी?"

"नाही. परका तपासून घेतो. तुम्ही माझ्यावर सोडलं होतं."

भाऊजींनी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "या सगळ्यांना तू घेऊन ये. मी आईला बसनं आणतो." ते आत गेले. आईला कपडे बदलायला सांगतानाचा त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला, नेहमीपेक्षा मऊ.

वाटेत शेजारी बसलेले सासरे गाडीची तारीफ करत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे अधूनमधून ते यालाही शाबासकी देत. आजी बसनं का येतेय, असं भाचीनं दोनदा विचारलं. आरशात ताईची नजर भेटेल म्हणून तो समोरच बघत राहिला.

गाव जवळ आल्यावर ताई पहिल्यांदा बोलली.

"स्टँडपाशी थांबव. बस येईपर्यंत थांबू. आईंना उतरवून घ्यायला मी जाईन," ती म्हणाली. "तू गाडीतच बस."