टॉवेलवरचे कवडसे

माझ्या मामाने जंगल खात्यात एकतीस वर्षं एकच काम केलं. कोणतं झाड तोडायचं ते ठरवायचं आणि त्याच्या बुंध्यावर पिवळा पट्टा ओढायचा. तोडणारे वेगळे. मामाने कधी कुऱ्हाड हातात धरली नाही, शिव्या मात्र सगळ्या त्याच्याच वाट्याला आल्या.

त्याची पद्धत साधी होती. भर दुपारी झाडांखाली पांढरा टॉवेल अंथरायचा, शेजारी उकिडवं बसायचं आणि त्यावर पडणारे कवडसे मोजायचे. दहाच्या वर असले तर खालची रोपं वाढतात, तिथे ढवळाढवळ करायची नाही. तीनच्या खाली आले की रोपं माना टाकतात. मग वरचं एखादं म्हातारं झाड निवडायचं. एखादंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने उत्साहाच्या भरात एका जागची आठ तोडायला लावली. तिथे एवढं ऊन आलं की नुसती काटेरी झुडपं माजली. अजूनही तो दरवर्षी एका सुट्टीच्या दिवशी तिथे जातो, लाज वाटून घेतो आणि परत येतो. साहेबांकडे उजेड मोजायचं यंत्र आहे. मामाचा आणि यंत्राचा आकडा जुळला नाही तर साहेब यंत्र दुरुस्तीला पाठवतात.

या माणसाच्या घरात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक अवाढव्य झाड होतं. मामी म्हणायची, "अहो, तेवढं तोडून टाका ना."

"त्याच्याखाली एकही रोप नाही. उजेड द्यायचा कुणाला?" मामा विचारायचा. हा विनोद नव्हता. मामाला विनोद येत नाही.

मामी त्याच खिडकीशी बसून शिंप्याच्या कोटांना काजं करायची. गेल्या वर्षी तिने सहा गडद निळ्या कोटांची काजं काळ्या दोऱ्याने केली. शिंपी भला माणूस, पण म्हणाला, "वहिनी, पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल." मामीने सहाही कोटांची काजं उसवली. मामापुढे हूं की चूं केलं नाही. मला मात्र म्हणाली, "काम गेलं तर काय दिवसभर या माणसाचं तोंड बघत बसू? आणि तेही अंधारात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वयंपाकघरातला दिवा बंद केला. मामाच्या पिशवीतला टॉवेल काढून खिडकीखाली अंथरला आणि कोट घेऊन त्याच्या कडेला बसली. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे, शेजारी भाजी चिरत होते; चिरणं थांबवलं. मामा जेवायला आला, टॉवेल दिसला तसा सवयीने उकिडवा बसला. बराच वेळ बसला.

"शून्य," तो म्हणाला.

"शून्यावर रोप किती वर्षं तग धरतं हो?"

"दोन. फार तर."

"मला सव्वीस झाली," मामी म्हणाली.

मामा न जेवताच उठला. बाहेर जाऊन त्या झाडावर पिवळा पट्टा ओढून आला. मी नंतर पाहिला, पट्टा वाकडा आला होता.

झाड मात्र त्याने एकदम तोडू दिलं नाही. सावलीत वाढलेल्याला अचानक ऊन दिलं की करपतं, असं त्याचं म्हणणं. मामी वैतागून म्हणाली, "अहो, मी काय रोप आहे?" तरी पहिल्या महिन्यात दोन फांद्या, दुसऱ्यात चार आणि तिसऱ्यात बुंधा, असंच झालं.

बुंधा गेला त्या दिवशी मामीने पहिल्याच फटक्यात सुई ओवली. निळा दोरा. खूश होऊन मान वर केली, तर समोर मामा जेवत बसलेला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"अहो, केवढे म्हातारे झालात तुम्ही," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही आवरेना.

मामाने घास खाली ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं. "पडदा लावू का?"

"नको," मामी म्हणाली. "तिथेच बसा."