दांडीवरचा टॉवेल

नौबादच्या चहाच्या टपरीसमोर एक गृहस्थ कारच्या मागच्या कॅरियरला एक निळी लेडीज सायकल अडकवत होते. साठीचे, अंगानं काटक. लेडीज सायकलला वरची आडवी दांडी नसते, म्हणून ती कॅरियरवर नीट बसेना. मग त्यांनी डिकीतून एक सुटी नळी काढली आणि सीटपासून हँडलपर्यंत आडवी लावून घट्ट आवळली. मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड आहेच. चहाचा कप घेऊनच मी जवळ गेलो.

दांडी तयार झाली, तरी त्यांनी सायकल उचलली नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्या नळीवर मऊ, जाड असा गुंडाळायला लागले.

“अण्णा, टावेल कामून? रंग जाईल म्हनून व्हय?”

“न्हाई हो,” ते जरा लाजले. “पोरगी माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळंला जायची. टोचू नये म्हनून टावेल गुंडाळायचो. आता तिची सायकल तिला द्यायला हैदराबादला जायलोय. दांडी दिसली अन् हात तेच करायलेत.”

मला वाटलं, आता टॉवेल सोडतील. उलट त्यांनी गाठ पक्की केली, सायकल अडकवली आणि निघाले.

पुढं स्पीडब्रेकर होता. तिथं त्यांनी गाडी इतकी हळू केली, की मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून कान किटवले. मला त्याचा भयंकर राग आला. पुढं दांडीवर लेकरू बसलंय, दिसत नाही का याला?