राजाच्या नोटांची तक्रार

ती तक्रार अजून डोक्यातून जात नाही. मी तेव्हा नगरला हवालदार होतो. एक निवृत्त शिक्षक ठाण्यात आले. राजाच्या छापाच्या जुन्या नोटा आणि हुंड्या जमवायचा त्यांना नाद. हुंडी म्हणजे जुन्या व्यापाऱ्यांची पैसे पोचवायची चिठ्ठी. सगळं एका अल्बमात, आणि अल्बमच कपाटातून गेलेला. कुलूप शाबूत. संशय एकच, धुणंभांडी करणारी बाई.

पंचनामा केला. कपाटात कडुलिंबाची दोन वाळकी पानं पडलेली. पाहिली आणि सोडून दिली.

मग खबर आली. बाईच्या नवऱ्यानं नागापूरच्या भंगारवाल्याला राजाची नोट दाखवून भाव विचारला होता. बाईला ठाण्यात आणलं. तिसगावकडची, ऊसतोड सोडून शहरात आलेली. महिला शिपायासमोर चौकशी सुरू केली.

"नोट कुठून आली?"

"मास्तरांच्या घरच्या काकूंनीच दिली. म्हनल्या, तुझ्या पोरीला दाखव."

"काकू नाही म्हणतात."

"म्हनू द्या. अल्बम मी कशाला नेऊ? आमच्या घरात आजच्या नोटा टिकत न्हाईत साहेब, राजाच्या कुठं ठिवू?"

महिला शिपाई हसली. बाई नाही हसली. "चोर म्हनून नाव झालं तर मला कोन दारात उभं करील? पुन्हा कोयताच हातात."

हे काही खोटं बोलणं वाटेना. तिला घेऊन शिक्षकांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, चहा ठेवला. साखर घातली, वळल्या, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा डबा उघडला तेव्हा मला ती पानं आठवली. माझी बायको ज्वारीत लिंबाचा पाला घालायची, किडा लागू नये म्हणून.

"काकू, ज्वारीची कोठी कुठंय?"

कोठीत हात घातला. पाल्याखाली, फडक्यात गुंडाळलेला अल्बम.

"कागदाला कसर लागली होती," काकू सहज बोलल्या. "ह्यांना सांगितलं होतं की मी." मग बाईकडं बघून म्हणाल्या, "अगं, आज उशीर केलास?"

शिक्षक मटकन खाली बसले. चोर सापडला असता तर बरं झालं असतं, असा चेहरा. बाई पुढं झाली. गॅस बंद केला, चहा गाळला, कप काकूंच्या हातात दिला.

वस्तू गेली की चोर शोधायचा, ही आमची सवय. दर वेळी चोर असतोच असं नाही, हे त्या दिवशी कळलं. पुढं माझ्या बायकोलाही तेच झालं. शेवटी शेवटी मलाच विचारायची, "तुमी कोन?" आता ती नाही. कोठीतला पाला तिनंच घातलेला, तसाच आहे. मी दळलेलं पीठ विकत आणतो.